अण्णांचे कान आणि अण्णांची पेटी

माझे वडील, अण्णा, गवई नाहीत. मिरजेत हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिथे ‘वडील पेटी वाजवतात’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुणाच्या साथीला?’ असाच येतो. अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते आणि दर गुरुवारी भजनी मंडळात पेटीवर बसायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर. ऐकायला कमी येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. आणि तरीही आमच्या घरात सगळ्यात जास्त गाणं कोण ऐकतं, तर तेच. हे कसं जमलं ते मला सविस्तर लिहायचंय. कानाला मशीन लागलं म्हणजे त्या माणसाचं गाणं संपलं, असं समजणारे फार लोक मला भेटले, आणि त्यात कानाचंच काम करणारेही होते.

अण्णा पेटी शिकले मंडळातल्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यांकडून. नोटेशन नाही, वही नाही. त्यांच्या शेजारी बसायचं, बोटं बघायची, घरी येऊन काढून बघायचं. पेटीला तेव्हा मोठ्या गाण्यात फारसा मान नव्हता. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती आणि ती थेट १९७१ मध्ये, तीही अर्धवटच, उठली. पेटीचे सूर अचल, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, मिळत नाहीत, हा आक्षेप. तरुण अण्णांना हा आक्षेप स्वतःच्या अंगावर आल्यासारखा वाटायचा. ते म्हणायचे, “मींड पट्टीत नसतेच, भात्यात असते.” म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना भाता किंचित सैल सोडायचा, पहिली पट्टी उचलायच्या आधी दुसरी अर्धवट दाबायची. दोन सुरांमधली फट बुजते. पूर्ण नाही, पण बुजते. अभंगाची ओळ गाणाऱ्याच्या तोंडून सुटली की तिच्यामागे पेटी अशी चिकटून जायला हवी, यावर त्यांचा सगळा जोर.

त्यांचं दुसरं शिक्षण उरुसातलं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिकीट नाही, पास नाही, खाली बसायचं. आम्ही भावंडं लहान असताना आईने बांधून दिलेला डबा आणि एक चादर घेऊन जायचो, मी पहिल्या ख्यालातच झोपायची आणि मग कधीतरी पहाटे अण्णा मला खांद्यावर घेऊन घरी आणायचे. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले ते प्रवासात, मद्रासच्या बाजूला सिंगपेरुमाळकोइल स्टेशनच्या फलाटावर. त्यांना मिरजेला आणून दर्ग्यातच दफन केलं. ही हकीकत अण्णा नेहमी रेल्वेच्या माणसाने सांगावी तशी सांगतात. गाडी कुठली असेल, तिथून मिरजेला आणताना वाटेत कुठे कुठे बदलावं लागलं असेल, तेव्हा मीटरगेज कुठपर्यंत होता. मला लहानपणी वाटायचं की खाँसाहेब आमच्या नात्यातलेच कोणीतरी आहेत.

मग संसार लागला. बदल्या झाल्या, आजोबांचं आजारपण, काकांचं शिक्षण, घराचं कर्ज. हे सगळं मी भराभर सांगते कारण त्या काळात अण्णांच्या गाण्यात घडलं असं काही नाही. पेटी आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कॉटखाली गेली आणि बरीच वर्षं तिथेच राहिली. बाहेर निघायची ती गणपतीत आरतीला.

पण त्याच काळात अण्णा कडक श्रोते झाले. स्वतः वाजवत नव्हते म्हणूनच बहुतेक. पगारातून टेपरेकॉर्डर घेतला होता आणि कॅसेटवर त्यांच्या बारीक अक्षरात गायक, राग आणि वेळ लिहिलेली असायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. ख्याल रंगात यायचा, द्रुत सुरू व्हायची आणि कटकन बटण वर उठायचं. कॅसेट उलटून लावेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, हा नियम. सकाळचा राग सकाळीच लागायचा. मी दहावीत असताना एकदा दुपारी कोणीतरी संध्याकाळचा पुरिया लावला, तर ऑफिसातून जेवायला आलेले अण्णा चपला न काढता आत आले आणि त्यांनी टेप बंद केला. एकही शब्द बोलले नाहीत. रागाची वेळ पाळणं हा त्यांच्यासाठी औषधाची वेळ पाळण्याइतका साधा आणि पक्का विषय होता. सिनेमाचं गाणं चालायचं, पण त्यांच्यासमोर नाही. पेटी कॉटखाली गेल्यावर त्यांच्याकडे गाण्यातलं जे उरलं होतं ते एवढंच, ऐकणं. आणि ते त्यांनी कुणालाही हलक्या हाताने हाताळू दिलं नाही. आज मला त्यांच्या त्या कडकपणाचं प्रेम वाटतं.

मी गाणं शिकायला लागले तेव्हा त्यांनी मला तानपुरा घेऊन दिला. गाण्याच्या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच, त्यामुळे आमच्या गल्लीत प्रवेशिका, मध्यमा हे शब्द शाळेच्या इयत्तांसारखेच वापरले जायचे. मी मध्यमा पूर्णपर्यंत गेले. तानपुरा अर्थातच सतारमेकर गल्लीतला. भोपळा सोलापूरकडचा, दांडी तुणीच्या लाकडाची. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी ती बातमी कात्रण काढून तानपुऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवली. तानपुरा लावायचं कामही तेच करायचे. पंचम, जोड, खर्ज या तारा, मग घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ठोकळ्यावर, तारेखाली सूत सरकवत सरकवत जवारी. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: तार नुसती छेडली तर ‘टण्ण’ असा कोरडा आवाज येतो. तिच्याखाली सुताचा धागा सरकवत एका नेमक्या जागी आणला की तीच तार अचानक उघडते, एका सुरातून कितीतरी सूर झिरपायला लागतात, वर एक गुंजन तरंगत राहतं. ती जागा केसभर रुंद असते. अण्णांचं बोट तिथे थांबलं की ते मान वर करायचे आणि आम्ही सगळे श्वास घ्यायचो.

रिटायर झाल्यावर पेटी कॉटखालून बाहेर आली आणि गुरुवार पुन्हा सुरू झाले. पहिली काही वर्षं उत्तम गेली. मग एकदा मंडळात अभंग चालू असताना अण्णांनी वाजवणं थांबवून विचारलं, “टाळ का थांबवलासा?”

टाळ चालू होते. आठ-दहा माणसं वाजवत होती. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी.

पुढच्या दिवाळीत मी पुण्याहून घरी गेले तेव्हा अण्णांचं म्हणणं, माझ्या तानपुऱ्याची जवारी गेली. मला ऐकून तसं वाटलं नाही, पण ते ऐकेनात. आम्ही रिक्षातून तानपुरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. ज्यांनी तो बनवला होता त्यांचा मुलगा आता दुकानात बसतो. त्याने चटईवर तानपुरा आडवा घेतला, तारा जरा सैल करून सूत काढलं, घोडीवरून बोट फिरवून पाहिलं, पुन्हा सूत घातलं, तार छेडली. दुकान भरून गेलं. त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “बंद आहे.” त्याने सूत थोडं पुढे घेतलं. “बंद.” थोडं मागे. “बंद.” मग अण्णा स्वतः चटईवर वाकले, भोपळ्याला कान लावला, डावा, मग उजवा. त्या पोराला तेव्हा कळलं. मलाही. तो फार समजूतदार, त्याने तारा पुसल्या, गवसणी चढवली आणि म्हणाला, “अण्णा, वाद्य ठीक आहे. राहू द्या असंच, दोन महिन्यांनी परत बघू.” पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर अण्णांनी स्वतःच एक प्रयोग केला. माझ्या मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप लावून फोन एका कानाला धरला, मग दुसऱ्या. आणि मला म्हणाले, “डाव्या कानात काळी एक वाजतंय, उजव्यात त्याच्या किंचित खाली.” काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. सूर एकच. कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आतल्या कानाचं नुकसान दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर एकच स्वर दोन कानांना वेगळा ऐकू येऊ शकतो, हे माहीत असलेलं लक्षण आहे. कित्येकांच्या ते लक्षातही येत नाही. ज्याने जन्मभर सुराला सूर मिळवला त्याच्या मात्र पहिल्या मिनिटाला लक्षात येतं. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढल्यावर सगळं समजलं. वयाने जाणारे कान वरच्या बाजूने, म्हणजे उंच सुरांकडून, जातात. अण्णांची रेघ १००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) बरी होती, २००० च्या पुढे उतार, आणि ४००० नंतर जवळजवळ काही नाही. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १४० हर्ट्झचा. गाणाऱ्या पुरुषाचे मूळ सूर सगळे खालच्या, सुरक्षित भागात पडतात. म्हणून गाणं ऐकू येतंच. पण टाळांचा खणखणाट वरच्या भागात असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं वरच्या भागात असतात, म्हणून बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. आणि जवारी म्हणजे वरच्याच सुरांचा खेळ. तार तीच, पण तिच्यातून झिरपणारे जे सूर, ते अण्णांच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हते. त्यांनी दुकानात ‘बंद आहे’ म्हटलं ते अगदी खरं होतं.

पहिलं मशीन घेतलं ते जिथे घेतलं तिथल्या लोकांनी मापं नीट घेतली, समजावून सांगितलं. आईचं बोलणं अण्णांना पुन्हा कळायला लागलं, फोनवर माझ्याशी बोलू लागले. पण पेटीवर बसले आणि पाच मिनिटांत मशीन काढून ठेवलं. म्हणाले, सूर लांबवला की मशीन त्याला खाऊन टाकतंय, मध्येच थरथरतंय, आणि मी हळू वाजवलं काय न् जोरात वाजवलं काय, सारखंच. आम्ही परत जाऊन हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, “या वयात बोलणं कळतंय हे महत्त्वाचं. गाण्याचं काय एवढं?” मला त्या वाक्याचा आजही राग येतो. वय झालेल्या माणसाला काय महत्त्वाचं हे त्याला न विचारता ठरवलं गेलं.

नंतर पुण्यात एक ऑडिओलॉजिस्ट बाई भेटल्या. त्यांनी अण्णांची तक्रार शब्द न् शब्द लिहून घेतली आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी पेटी घेऊन या.”

त्यांनी जे समजावलं ते असं. मशीन मुळात बोलण्यासाठी घडवलेलं असतं. बोलणं तुटक असतं, चढउताराचं असतं. त्यात एखादा आवाज लांबच लांब, एका सुरात येत राहिला तर मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी आहे (मशीनचा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की वाजते ती), आणि ते ती दाबायला धावतं. बासरीचा किंवा पेटीचा लांबवलेला सूर त्याला शिट्टीच वाटतो. तानपुऱ्यासारखा सतत मागे वाजणारा आवाज त्याला पंख्याच्या किंवा रस्त्याच्या गोंगाटासारखा वाटतो, म्हणून तो ते कमी करत नेतं. आणि हळू आवाज मोठा, मोठा आवाज हळू असं करून ते सगळं एका पातळीवर आणतं. बोलण्याला ते सोयीचं, पण गाण्यातला लहानमोठेपणा त्यात जातो. अण्णांची प्रत्येक तक्रार मशीनमध्ये खरोखर घडत होती. बाईंनी मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. शिट्टी दाबणं बंद, गोंगाट कमी करणं बंद, आवाज सपाट करणं शक्य तेवढं कमी. मशीनवरचं बटण दाबलं की बोलण्याचं बदलून गाण्याचं सुरू.

त्या खोलीत अण्णांनी जमिनीवर बसून पेटी उघडली. षड्ज-पंचम धरला, भाता हळूहळू वाढवत नेला, मग सोडत आणला. पुन्हा वाढवला. बाई कॉम्प्युटरवर काहीतरी बदलायच्या आणि अण्णा तेवढाच भाता पुन्हा घ्यायचे. बराच वेळ हेच चाललं होतं. शेवटी अण्णांनी भाता सोडताना मान डोलावली, जशी समोरचा गाणारा समेवर नीट आला की डोलवतात तशी.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर एवढं करा: मशीन घेताना गाण्याचा प्रोग्रॅम मागा, नाव घेऊन मागा, आणि ज्यात त्यांचा जीव आहे ते वाद्य किंवा रेकॉर्डिंग बरोबर न्या. नुसतं ‘गाणं नीट ऐकू येत नाही’ म्हणून भागत नाही. काय नीट येत नाही ते सांगा. मशीन चांगलं असेल तर हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा त्यात करता येतो, कोणी विचारत नाही म्हणून केला जात नाही.

सगळं परत आलं असं मात्र नाही. ४००० च्या पुढे जिथे कानच राहिला नाही तिथे मशीन तरी काय वाढवणार? जवारी आली नाही. अण्णा आता तानपुरा लावत नाहीत, माझा भाऊ लावतो. अण्णा भोपळ्यावर तळवा ठेवून बसतात आणि जोडाच्या दोन तारा एकमेकींना मिळाल्या की सांगतात. मंडळात त्यांनी जागा बदलून घेतली. पूर्वी टाळकऱ्यांच्या बाजूला बसायचे, आता पखवाजाला लागून. धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, जाड आवाजाच्या तोंडाचा, घुमार त्यांना छातीत लागतो, त्यावरून ते लयीत राहतात. आणि ज्यांनी घरात दुपारचा पुरिया लावू दिला नाही, ते माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या स्पीकरवर हात ठेवून तिची गाणी ऐकतात. खालच्या ठोक्याची, जाड आवाजाची. तिला विचारतात, हा ठोका माणूस देतो की मशीन? ती सांगते. मग पुढचं लावायला सांगतात. वेळेचा नियम तिच्या गाण्यांना लागू नाही, असं त्यांनीच जाहीर केलंय.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी नवीन तक्रार काढली: पेटीचा मधला कोमल धैवत हलतोय. भाऊ म्हणाला, काही नाही, ठीक आहे. मला फोन आला. सतारमेकर गल्लीतली दुपार मला आठवत होती, त्यामुळे मी गेले ती थोडी घाबरतच.

आमची पेटी दोन सुरांची, जाड आवाजाचा खर्ज आणि त्याहून चढा नर. एक पट्टी दाबली की दोन रीड, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी पात्या, वाजतात. दोन्ही नेमक्या मिळालेल्या असल्या की आवाज स्थिर येतो. एक जराशी उतरली की आवाज हेलकावे घ्यायला लागतो, वाऱ्यात पडदा हलावा तसा. मी स्टॉप, म्हणजे रीडची हवा बंद करणाऱ्या खुंट्या, एकेक करून बंद केले आणि मोबाइलवर सूर मोजणारा ट्यूनर लावला. नर बरोबर होता. खर्जाची रीड बारा सेंट खाली (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). अण्णांना स्वर किती खाली आहे ते नेमकं कळलं नसेल, पण सेकंदाला दोन-तीन हेलकावे येत होते ते त्यांच्या कानांनी आणि पेटीवरच्या बोटांनी पकडले होते. आमच्या दोघांच्या चांगल्या कानांना ते सुटले.

पेटी दुरुस्तीला पाठवायला ते तयार नव्हते, स्वतः घेऊन गेले. पितळी रीड टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, आणि एकदा जास्त घासली गेली की पुन्हा मागे आणणं किचकट. दुरुस्तीवाल्याने आधी ब्रशने धूळ काढली, मग टोकावर कानसीचा एक हलका हात मारला, पट्टी दाबली. अण्णा पेटीच्या बाजूला तळवा ठेवून. “हलतंय.” अजून एक हात. “हलतंय अजून.” अजून एक. “थांब, झालं.” त्या माणसाने स्वतःच्या समाधानासाठी ट्यूनर लावून पाहिला आणि रीड परत बसवली.

आषाढी एकादशीला पेटी मंडळात होती. अण्णांनी भैरवीपर्यंत सगळं वाजवलं, मध्ये दोनदा मशीनचं बटण बदललं. घरी येताना रिक्षात त्यांची तक्रार पखवाजवाल्याबद्दल होती: धुम्यावर कणीक फार ओली लावतो, धुमा मऊ पडतो. पुढच्या गुरुवारी घरून मळून नेतो म्हणाले, आणि आईला किती पीठ लागेल ते विचारून ठेवलंय.